रेताड जमिनीवरील जैविक पपडी : फोडावी की जपावी?

रेताड जमिनीत पाणी टिकत नाही, ते लगेच खाली निघून जाते, हा सर्वांचा अनुभव. तरीही न नांगरलेल्या रेताड माळावर किंवा वाळूच्या टेकाडावर जोराची सर आली, की पाणी मुरण्याऐवजी वरून ओघळताना दिसते. पावसानंतर उकरून पाहिले, तर एका ठिकाणी ओल हातभर खोल गेलेली असते आणि चार पावलांवर ती चार बोटेच असते. वाळू तीच, पाऊस तोच. अशा फरकामागे अनेकदा जमिनीच्या पृष्ठभागावरचा काही मिलिमीटर जाडीचा जिवंत थर असतो. त्याला जैविक पपडी म्हणतात.

या पपडीबाबत दोन परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतात. पपडीमुळे पाणी मुरत नाही, म्हणून ती फोडावी, हा एक. पपडी जमिनीचे संरक्षण करते, म्हणून तिला हात लावू नये, हा दुसरा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत आणि चुकीच्या जागी दोन्हींमुळे नुकसान होते. पपडी पाणी वाढवत नाही आणि संपवतही नाही; पाणी कोणत्या खोलीवर आणि कोणत्या जागी जाईल, हे ती बदलते. त्या जागी आपल्याला काय वाढवायचे आहे, यावर निर्णय अवलंबून असतो.

जैविक पपडी म्हणजे काय?

जमिनीच्या वरच्या काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर थरात सूक्ष्मजीव आणि बारीक वनस्पती वाळूच्या कणांना बांधून ठेवतात. त्यातून ही पपडी तयार होते. तिचे मुख्य घटक असे :

• सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे शेवाळ) : पपडीची सुरुवात बहुधा यांच्यापासून होते. मायक्रोकोलियस या प्रकाराचे सूक्ष्म धागे वाळूच्या कणांभोवती गुंडाळले जातात. ते चिकट शर्करायुक्त द्रव्य सोडतात. या द्रव्याने कण एकमेकांना चिकटतात.
• दगडफूल वर्गातील जीव : मसाल्यातील दगडफूल झाडाच्या सालीवर किंवा खडकावर वाढते. त्याच वर्गातील काही जाती थेट जमिनीवर वाढतात.
• मॉस (हरिता) : पपडी जुनी झाली आणि ओल थोडी जास्त मिळाली, की मॉसचे मखमली ठिपके दिसू लागतात.
• बुरशी व इतर जिवाणू : यांचे तंतू पपडी आणखी घट्ट करतात.

नॉस्टॉकसारखे काही सायनोबॅक्टेरिया हवेतील नत्रही स्थिर करतात. मुळातच नापीक असलेल्या वाळूत हा नत्राचा छोटा पण महत्त्वाचा स्रोत असतो.

पपडी ओळखावी कशी?

शेतात दिसणारी प्रत्येक पपडी जैविक नसते. उपाय ठरवण्याआधी पुढील तीन प्रकार वेगळे करावेत.

१) भौतिक पपडी : नांगरलेल्या उघड्या जमिनीवर पावसाच्या थेंबांच्या माराने कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वाळल्यावर कडक थर होतो. बाजरीसारख्या बारीक बियांच्या पिकाची उगवण याच पपडीमुळे अडते. तिचा तुकडा पाण्यात टाकला, की थोड्याच वेळात विरघळल्यासारखा सुटून जातो.

२) क्षारांची पपडी : पांढरी, भुरभुरीत असते. क्षारयुक्त पाण्यामुळे किंवा निचरा नसल्यामुळे येते. इथे पाणी आणि मातीचे परीक्षण करून क्षार व निचऱ्याचे व्यवस्थापन करावे लागते.

३) जैविक पपडी : कोरडी असताना करडी, तपकिरी किंवा काळपट दिसते. चाकूने अलगद उचललेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूला केसासारखे बारीक धागे आणि त्यांना लटकलेले वाळूचे कण दिसतात. पाणी शिंपडल्यावर काही मिनिटांत हिरवट छटा येते. पाण्यात टाकलेला तुकडा बराच वेळ एकसंध राहतो.

पपडी नसलेल्या वाळूत पाणी कसे वागते?

वाळूत मोठी छिद्रे जास्त असतात. त्यामुळे मुरण्याचा स्थिर वेग ताशी ३० मि.मी.पेक्षा जास्त असतो; चिकण जमिनीत तो ताशी १ ते ५ मि.मी. इतका कमी असतो. पाणी धरण्याच्या बाबतीत उलट स्थिती असते. एक मीटर खोलीच्या वाळूत पिकाला उपलब्ध होणारे पाणी साधारण २५ ते १०० मि.मी., तर चिकण जमिनीत १७५ ते २५० मि.मी. असते.

एक साधे गणित पाहू. निचऱ्यानंतर वाळूने आपल्या घनफळाच्या १० टक्के पाणी धरले असे मानले, तर १० मि.मी. पाऊस कोरड्या वाळूला १० सें.मी. खोलीपर्यंत भिजवतो. ३० टक्के पाणी धरणाऱ्या भारी जमिनीत तोच पाऊस जेमतेम सव्वातीन सें.मी.पर्यंत जातो.

पाणी खोल गेल्यावर वाळूचा वरचा थर लवकर वाळतो. या कोरड्या थरातून खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढत नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे आपण म्हणतो. कोळपणीने जे साधले जाते, तेच इथे वाळू आपोआप करते. म्हणूनच अतिशय कमी पावसाच्या प्रदेशात खोल मुळांच्या झुडपांना रेताड जमीन अनेकदा भारी जमिनीपेक्षा जास्त मानवते.

पपडी आली की काय बदलते?

• छिद्रे बुजतात. पपडीचा चिकटपणा वाऱ्याने येणारी बारीक धूळ पकडून ठेवतो. वर्षानुवर्षे वरच्या थरात गाळाचे व चिकणमातीचे कण साठतात.
• भिजल्यावर पपडी फुगते. चिकट द्रव्य पाणी शोषून फुगते आणि उरलेली छिद्रे अरुंद करते. त्यामुळे सर सुरू झाल्यावर काही वेळाने मुरण्याचा वेग घटतो आणि उतारावर अपधाव सुरू होतो.
• कोरडी पपडी काही वेळा पाणी झिडकारते. सेंद्रिय द्रव्यामुळे पहिले थेंब मोत्यासारखे वरच थांबतात. पपडी भिजली, की हा परिणाम कमी होतो.
• हलक्या सरी वरच अडतात. एक सें.मी. जाडीच्या पपडीने घनफळाच्या चौथ्या भागाइतके पाणी धरले, तर २.५ मि.मी. पाऊस त्या थरातच राहतो. तीन-चार मि.मी.ची सर मुळांपर्यंत पोहोचतच नाही.
• बाष्पीभवन बदलते. वर अडकलेले पाणी ऊन-वाऱ्याच्या संपर्कात राहते, म्हणून लवकर उडते. मात्र काही ठिकाणी, विशेषतः भिजून पृष्ठभाग बंद झाल्यावर, पपडी खालच्या ओलीचे रक्षण करते. त्यामुळे पपडीने बाष्पीभवन नेहमी वाढते किंवा नेहमी घटते, असे सरसकट म्हणता येत नाही.
• वाऱ्याची धूप थांबते. याबाबत मात्र मतभेद नाही. बांधलेली वाळू उडत नाही. पपडी तुटली, की तेथून वाळू पुन्हा हलू लागते.

नेगेव्हचा अनुभव : एकाचा तोटा, दुसऱ्याचा लाभ

इस्राएलच्या पश्चिम नेगेव्हमधील निझाना येथील वाळूच्या टेकड्यांवर या विषयाचा सखोल अभ्यास झाला आहे. तेथे वर्षाला साधारण १०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. तो हिवाळ्यात येतो. पलीकडे इजिप्तचे सिनाई आहे. जुन्या उपग्रहछायाचित्रांत ही सीमा स्पष्ट रेषेसारखी दिसते : इस्राएलची बाजू गडद, सिनाईची फिकट. सुरुवातीला हा फरक झाडाझुडपांचा मानला गेला. पुढील अभ्यासात दिसले, की गडद रंगाचे मुख्य कारण जैविक पपडी आहे. सिनाईच्या बाजूला जनावरांच्या चराईने आणि तुडवण्याने पपडी टिकत नव्हती.

या टेकड्यांवर पपडी असलेल्या तुकड्यांतून जोराच्या पावसात पाणी वाहिले. पपडी काढलेल्या तुकड्यांत वाहणे थांबले आणि ओल अधिक खोल गेली. म्हणजे उतारावरच्या झुडपासाठी पपडी तोट्याची ठरते. पण वाहिलेले पाणी टेकडीच्या पायथ्याशी आणि झुडपांखालच्या मोकळ्या वाळूत जाऊन मुरते. तिथे प्रत्यक्ष पडलेल्या पावसापेक्षा जास्त ओल मिळते. इतक्या कमी पावसात पाणी सगळीकडे सारखे पसरले, तर ते कुठेच पुरत नाही. काही जागी गोळा झाले, तर तिथे तरी वनस्पती जगतात.

शापोतोऊचा अनुभव : वाळू थांबली, झुडपे विरळ झाली

चीनच्या निंगशिया प्रांतात टेंगर वाळवंटाच्या कडेला शापोतोऊ हे ठिकाण आहे. बाओतोऊ-लानचोऊ रेल्वेमार्गावर वाळू येऊ नये, म्हणून १९५६ पासून तेथे वाळू स्थिर करण्याचे काम सुरू झाले. गव्हाचे काड वाळूत खोचून एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन केले गेले आणि त्यांत झुडपे लावली गेली. तेथे वर्षाला साधारण १८० ते १९० मि.मी. पाऊस पडतो.

वाळू थांबली. धूळ साचली. हळूहळू जैविक पपडी आली, आधी शेवाळाची, मग मॉस व दगडफूल वर्गाची. रेल्वे सुरक्षित राहिली. पण काही दशकांत दुसरा बदल दिसला. पावसाचे पाणी वरच्या थरातच अडू लागले आणि खोल थरांतील ओल घटली. झुडपे स्वतःही खोल पाणी उपसत होती. दोन्हींचा एकत्र परिणाम होऊन खोल मुळांच्या झुडपांचे आच्छादन विरळ झाले. त्यांच्या जागी उथळ मुळांची गवते व हंगामी वनस्पती वाढल्या.

याला अपयश म्हणता येणार नाही, कारण वाळू स्थिरच राहिली. पण वृक्षलागवडीचे नियोजन करणाऱ्यांसाठी धडा स्पष्ट आहे. आज मोकळ्या वाळूत जोमाने वाढणारे रोप दहा-वीस वर्षांनी वेगळ्या पृष्ठभागाखाली उभे असणार आहे. सुरुवातीच्या वाढीवरून लागवडीची घनता ठरवू नये.

थंड वाळवंटांत उलट चित्र

अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारासारख्या थंड वाळवंटांत हिवाळ्यात जमीन गोठते व वितळते. त्यामुळे पपडी वर उचलली जाऊन लहान सुळक्यांसारखी खडबडीत होते. खाचखळग्यांत पाणी थांबते आणि मुरायला वेळ मिळतो. उष्ण प्रदेशातील सपाट, गुळगुळीत पपडीवर असा अडथळा नसतो, म्हणून तेथे पाणी वाहते. परदेशातील एखादा निष्कर्ष वाचताना पपडी सपाट होती की खडबडीत, हे आधी पाहावे.

आपल्याकडे हे कुठे लागू होते?

राजस्थानचा पश्चिम भाग : जैसलमेर परिसरात वार्षिक पाऊस २०० मि.मी.च्या आत असतो. वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याचे शास्त्रीय काम जोधपूर येथे १९५२ पासून सुरू आहे. १९५९ पासून ही संस्था केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. वाऱ्याला आडव्या काटक्यांच्या रांगा किंवा चौकोन करून त्यात झाडे आणि सेवण गवत लावले जाते. टेकडी स्थिर झाल्यावर आणि चराई आवरल्यावर पृष्ठभाग बांधला जातो. तेव्हा शापोतोऊचा धडा इथेही लक्षात ठेवावा.

महाराष्ट्र व गोवा : आपल्याकडे विस्तीर्ण वाळवंट नाही. खरी रेताड जमीन मुख्यतः किनारपट्टीवर आणि नद्यांच्या काठी आढळते. कोकणात पाऊस २,५०० मि.मी.च्या वर जातो. पावसाळ्यात नारळाच्या बागेत दिसणारा हिरवा शेवाळी थर पाण्याची तूट निर्माण करत नाही. उन्हाळ्यात मात्र वाळलेला थर आळ्यातील पाणी झिडकारत असेल, तर लक्ष द्यावे लागते. पर्जन्यछायेतील हलक्या, मुरमाड माळरानांवरही न तुडवलेल्या जागी जैविक पपडी दिसू शकते. ती जमीन वाळू नसल्यामुळे वरील आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत. तिथे आधी पुढील चाचणी करावी.

शेतावर करता येणारी चाचणी

१) थेंब चाचणी : कोरड्या पपडीवर पाण्याचे आठ-दहा थेंब अलगद ठेवावेत. थेंब ५ सेकंदांत मुरले, तर पृष्ठभाग पाणी झिडकारत नाही. ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर झिडकारणे तीव्र आहे.

२) डब्याची चाचणी : १५ सें.मी. व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा किंवा पाइपचा तुकडा घ्यावा. पपडी कडेने थोडी ओली करून चाकूने गोल कापावी, मगच डबा ५ सें.मी. आत दाबावा, नाहीतर पपडी तडकून आकडा चुकतो. त्यात ४४० मि.लि. पाणी हळू ओतावे. हे २५ मि.मी. पावसाइतके होते. मुरायला लागलेला वेळ नोंदवावा. शेजारीच पपडी खरवडलेल्या जागी तीच चाचणी करावी. प्रत्येकी किमान तीन ठिकाणी करून सरासरी काढावी.

३) ओलीची खोली : ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे. पावसाआधी एक-दोन चौरस मीटरचा तुकडा खरवडून ठेवावा. चांगल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्यांत लहान खड्डा घेऊन ओलीची खोली मोजावी. सात दिवसांनी, मध्ये पाऊस नसल्यास, पुन्हा मोजावी. पहिल्या मोजणीतून पाणी किती खोल मुरले ते कळते, दुसऱ्या मोजणीतून किती टिकले ते. एकाच मोजणीवर निर्णय घेऊ नये.

निर्णय कसा घ्यावा?

दरवर्षी मशागत होणारे शेत : इथे जैविक पपडी टिकत नाही, ती टिकवण्याचा प्रयत्नही करू नये. भौतिक पपडी असल्यास उगवणीआधी हलकी कोळपणी, पेरणीच्या ओळीवर कुजलेले शेणखत आणि पिकाच्या अवशेषांचे आच्छादन उपयोगी पडते.

उतारावरील फळबाग : दोन ओळींमधील पपडी जपावी, आळ्यातील मोडावी. समजा, झाडाच्या वरच्या बाजूला ९ चौरस मीटर पपडीयुक्त जागा आहे आणि १० मि.मी. पावसापैकी ३० टक्के पाणी वाहते. म्हणजे २७ लिटर पाणी आळ्यात येते. आळे एक चौरस मीटरचे असेल, तर स्वतःच्या पावसासह त्याला ३७ मि.मी. पाणी मिळते. वाळूत ही ओल १० ऐवजी सुमारे ३७ सें.मी. खोल जाते. आळ्याला खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध असावा आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन असावे. आळ्यात पाणी झिडकारले जात असेल, तर वरचा थर हलका हलवून कंपोस्ट मिसळावे व पहिले पाणी थोडे-थोडे द्यावे.

सपाट जागेवरील झाडे : पाणी वाहून येण्यासारखा उतार नसेल, तर पपडीचा लाभ कमी आणि वर अडकून उडून जाणाऱ्या पाण्याचा तोटा जास्त असतो. झाडाच्या मुळांच्या परिघात पपडी हलवून लगेच आच्छादन करावे. वाळू उघडी ठेवू नये.

गायरान, कुरण व वाळूची टेकाडे : पपडी जपावी. रेताड जमिनीवरील पपडी कोरडी असताना सर्वांत ठिसूळ असते. त्यामुळे कडक उन्हाळ्यात कळप एकाच जागी थांबवणे टाळावे. चराईबंदी किंवा आलटून-पालटून चराई करावी. जनावरे, माणसे व ट्रॅक्टर यांच्यासाठी ठरावीक वाट ठेवावी. शेवाळाचा थर काही वर्षांत परत येऊ शकतो. दगडफूल व मॉस यांना मात्र दशके लागू शकतात.

नवी लागवड : कमी पावसाच्या रेताड जागी फक्त खोल मुळांची झाडे दाट लावू नयेत. झाडांमधले अंतर वाढवून मध्ये स्थानिक गवते ठेवावीत. पपडीने वर अडवलेले पाणी गवत वापरते, आळ्यात जमलेले पाणी झाड वापरते.

काही गैरसमज

• “पपडी आली म्हणजे जमीन खराब झाली.” जैविक पपडी ही जमीन स्थिर झाल्याची खूण आहे. खराब काय, हे आपण तिथे काय पिकवतो यावर ठरते.

• “निळे-हिरवे शेवाळ टाकले, की कुठेही पपडी तयार होते.” निळे-हिरवे शेवाळ आपल्या शेतीशास्त्राला नवे नाही. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी भातखाचरातील नत्राशी त्याचा संबंध दाखवला. १९५० मध्ये आर. एन. सिंह यांनी ऊसर जमिनी सुधारण्यासाठी त्याचा उपयोग मांडला. पण ही दोन्ही कामे साचलेल्या पाण्यातील होती. भातासाठी मिळणारे संवर्धन कोरड्या, हलत्या वाळूवर टाकून पपडीची अपेक्षा करू नये. वाळवंटात असे प्रयोग चीनमध्ये झाले आहेत. तिथेही आधी वाळू स्थिर करावी लागते आणि सुरुवातीला ओल द्यावी लागते.

• “फोडल्याने पाणी मुरते, म्हणून सगळीकडे फोडावी.” पहिल्या पावसात मुरणे वाढेल. पण वाऱ्याच्या प्रदेशात पुढच्या उन्हाळ्यात तीच वाळू उडून रोपांवर, विहिरीत आणि शेजारच्या शेतात जाईल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील रेताड जागेची पाहणी करताना चार गोष्टी नोंदवाव्यात : पपडीचा प्रकार, जमिनीचा उतार, पावसाचे स्वरूप (हलक्या सरी की जोराचा पाऊस) आणि अपेक्षित वनस्पतीच्या मुळांची खोली. उतार आहे, पाऊस जोराचा पडतो आणि पाणी गोळा करण्याची जागा आहे, तर पपडी हे फुकटचे पाणलोट क्षेत्र आहे. उतार नाही, सरी हलक्या आहेत आणि मुळे खोल आहेत, तर झाडापुरती पपडी मोडून आच्छादन करणे योग्य. वाऱ्याचा धोका असेल, तर मोडलेला प्रत्येक चौरस मीटर त्याच दिवशी झाकावा. कुदळ मारण्याआधी एका पावसाची वाट पाहून ओलीची खोली मोजावी, आणि मगच शेतकऱ्याला फोडण्याचा किंवा जपण्याचा सल्ला द्यावा.